बाणेर, वाघोली आणि पेठा: रस्त्यांची जोडणी मोजताना काय चुकतंय?

गल्लीबोळ: पुण्याचे तीन तुकडे घेतलेत: पेठा, १९९७ला महापालिकेच्या हद्दीत आलेलं बाणेर, २०२१ला आलेली वाघोली. चौरस किलोमीटरला किती चौक, एवढ्यावरून रस्त्यांच्या जोडणीची तुलना करता येईल का?

टी-जंक्शन: नाही, नुसत्या चौकांनी फसाल. सोसायटीच्या आतले चौकही त्यात येतात. दुवे भागिले नोड काढा. नोड म्हणजे चौक किंवा रस्त्याचं बंद टोक, दुवा म्हणजे दोन नोडांमधला रस्त्याचा तुकडा. सहा बाय सहाच्या चौकडीत ३६ नोड, ६० दुवे, म्हणजे १.६७. एकाच रस्त्याला दहा सोसायट्या लटकल्या असतील तर २० नोड, १९ दुवे: ०.९५. मग दूध आणायलाही त्याच रस्त्यावर यायचं. बंद टोकांची टक्केवारी वेगळी काढा.

ओएसएमएनएक्स (ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्त्यांचं जाळं काढणारं पायथन साधन) वापरत असाल तर आधी नकाशा यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा. दुभाजकाचा रस्ता दोन रेघांचा असतो, तसे दोन रस्ते छेदले की एका चौकाचे चार होतात. १०-१५ मीटरच्या आतले नोड एकत्र करा. पेठांत मात्र १५ जास्त होतात, खरे शेजारशेजारचे बोळही गिळले जातात. हद्दीबाहेर ५०० मीटर जास्तीचं जाळं घ्या, नाहीतर कापलेला प्रत्येक रस्ता बंद टोक ठरेल.

सातबारा: आणि गेट? नकाशात सोसायटीच्या रस्त्यावर 'खासगी' टॅग नसेल तर तो सार्वजनिक धरला जातो. हाताने तपासण्याला पर्याय नाही.

मूळ दुखणं जमिनीत आहे. लेआउट एकेका गट नंबरच्या जमिनीपुरते मंजूर होतात, आतला रस्ता बांधाशी थांबतो आणि पलीकडे दुसऱ्याची कंपाउंड भिंत. डीपी (विकास आराखडा) रस्त्याचंही तेच: बिल्डर आपल्या प्लॉटसमोरचा तुकडा करून देतो, मधला मालक टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) नको, रोख द्या म्हणतो, अन् दोनशे मीटर शेतच राहतं. म्हणून डीपीची रेघ मोजू नका, उपग्रहचित्रात डांबर दिसलं तरच धरा. टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत (म्हाळुंगे-माण बघा) जमिनी एकत्र करून आधी रस्ते आखतात, मग प्रत्येकाला प्लॉट. बांध मोडतो तो तिथेच.

गल्लीबोळ: पेठांतले वाड्यांमधले बोळ धरायचे?

टी-जंक्शन: पायी जाळ्यात धरा, गाड्यांच्या नको. शेवटी एक पडताळा: अर्ध्या किलोमीटरवरच्या पन्नास जोड्या घ्या, चालण्याचं अंतर भागिले सरळ अंतर. शुद्ध चौकडीत चौक ते चौक हे १.४१च्या वर जात नाही. दोनच्या पुढे गेलेल्या जोड्यांमध्ये भिंत, नाला किंवा रखडलेला डीपी रस्ता शोधा.