ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार पुढे कोण सांभाळणार?

पन्हाळ्यामागचा (मूळ धागा)

आमच्या ग्रामपंचायतीत खिडकीच्या वर एक पांढरा डबा आहे, भारतनेटचा, म्हणजे गावोगावी इंटरनेट पोचवायच्या सरकारी योजनेचा. त्याचा दिवा हिरवा असला की दाखले तिथेच निघतात. लाल झाला की संगणक परिचालक स्वतःच्या मोबाईलचा डेटा जोडून काम रेटतो. गेल्या पावसाळ्यात रस्त्याकडेची चर काढताना जेसीबीने तार तोडली आणि दिवा सव्वा महिना लाल राहिला. तारेचा ठेकेदार रस्त्यावाल्याकडे बोट दाखवतो, रस्त्यावाला ठेकेदाराकडे.

ही योजना 2011 साली मंजूर झाली, 2015 मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळालं. अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायचं ठरलं होतं. पण आखणी सरळ रेषेची होती. तालुक्याकडून येणारी तार मध्ये एके ठिकाणी तुटली की त्यापुढची सगळी गावं बंद. 2023 च्या सुधारित कार्यक्रमात 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले आणि सरळ रेषेऐवजी कड्याची रचना आली, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. दहा वर्षांच्या देखभालीचाही त्यात विचार आहे. हे चांगलंच आहे. तरी माझं म्हणणं असं की गावातली देखभाल गावातल्या संस्थेकडे द्या आणि मिळकतीतला वाटाही तिलाच द्या. दूध संस्था, सेवा सोसायटी, पाणी योजना आपण चालवतोच ना!

वारणानगरचं उदाहरण जवळचं आहे. 1998 साली तिथल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रं सुरू झाली. उसाचं वजन, खताची उधारी, बिलाचा हिशेब शेतकऱ्याला गावातच कळू लागला. मागे कारखाना होता, म्हणून ते चाललं.

बालाघाटचा शेतकरी

दादा, वारणेची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. पुढे संशोधकांनी जाऊन पाहिलं, तर ते संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबापुरतेच वापरले जात होते. मग सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं, आणि ते झालं. शेतकऱ्याला आकडा हवा होता, तो दोन ओळींत मिळाला. त्याला फायबर कशाला?

आमच्याकडचं सांगतो. ई-पीक पाहणीचा फोटो काढायला वावरात उभं राहावं लागतं. पंचायतीतली तार काही सोयाबीनच्या तासात येत नाही. तिथं मोबाईलची रेंजच कामाची. आणि डीपी जळाला की आठ-आठ दिवस लाईट नसते, तेव्हा तुमच्या डब्याचा कोणताच दिवा लागत नाही. आधी वीज नीट करा, टॉवर वाढवा. खेड्याच्या नावानं हजारो कोटी जमिनीत पुरायचे आणि खेड्याला विचारायचंही नाही, हे मला मान्य नाही.

आजऱ्याची मुलगी

काका, विजेबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. टॉवरबद्दल मात्र एक सांगते. टॉवर उभा केला म्हणजे झालं नाही, त्याला मागून जोडणी लागते. फायबर नसेल तर ती एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर हवेतून न्यावी लागते आणि तिला मर्यादा असते. संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाईन आले की फोनवर 4जी दिसतं, पण पान उघडत नाही. तुम्हाला हवी ती रेंजसुद्धा त्याच तारेवर उभी आहे.

मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आले, पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. मोबाईलच्या डेटावर एक मोठी फाईल चढवायला रात्री दोनला उठायचे, कारण तेव्हाच रेंज मोकळी असायची. घरात फायबर आलं आणि मी गावातल्या दोन मुलींना कामावर घेतलं. त्यातली एक लग्न होऊन याच गावात आली आहे, बीकॉम आहे, घराबाहेर नोकरीला जाणं तिला जमणार नव्हतं. एसएमएसवर हे काम झालं नसतं.

मेळघाटातून

तुम्ही तिघेही जिथं काहीतरी आधीच आहे तिथलं बोलताय. आमच्याकडे कारखाना नाही, दूध संस्था नाही. मग गावाच्या संस्थेकडे द्या म्हणजे नेमकं कुणाकडे? सरपंचाच्या पुतण्याकडे जाईल, एवढंच.

धारणी तालुक्यातलं हरिसाल 2016 साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं. 2019 च्या निवडणुकीत त्यावरून सभा गाजल्या, कुणी म्हणालं सगळं खोटं, कुणी म्हणालं सगळं खरं. मग निवडणूक संपली. जोडणी देणाऱ्यांनी पुढची पाच वर्षं कोण सांभाळेल हे आधी सांगावं, फीत नंतर कापावी. आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना चित्र थांबलं तर बाईला परत तिच्या कोरकू भाषेत पहिल्यापासून सांगावं लागतं. मी शेजारी बसून दुभाषाचं काम केलंय. दुसऱ्यांदा सांगताना ती निम्मं गाळते.

पन्हाळ्यामागचा

ताई, तुमचा मुद्दा मला सुचला नव्हता. जिथं संस्था नाही तिथं महिला बचत गटाकडे देता येईल का? गावात घरोघरी जोडणी देणाऱ्या उद्यमीला महसुलात निम्मा वाटा, अशी सोय कार्यक्रमात आहेच. तो उद्यमी ग्रामसभेत निवडा, आणि दिवा लाल झाला की किती तासांत माणूस यायला हवा हे करारात लिहा. काका, विजेसाठी डब्याला बॅटरी पुरेशी मोठी हवी, हेही त्याच करारात घालू.

बालाघाटचा शेतकरी

टॉवरचं पटलं. ग्रामसभेवर माझा अजून भरवसा नाही, आमच्याकडे ती कोरम नाही म्हणून तहकूबच होते. पण हे सगळं वाचून आज सकाळी पंचायतीत जाऊन आलो. डबा आमच्याकडेही आहे, मला माहीतच नव्हतं. त्याचा प्लग काढून तिथं झेरॉक्सचं मशीन लावलंय. शिपायाला विचारलं कधीपासून, तर म्हणाला, मी लागल्यापासून असंच आहे. दुकानातून एक एक्स्टेंशन बोर्ड आणून दिला. दिवा लागला, पण लाल आहे. आता तक्रार कुणाकडे करायची ते सांगा.