स्कोपसच्या नकाशात मराठी नाही, म्हणून कामच नाही?

मोर्शीची मास्तरीण: 'नकाशेवाला' यांची कालची पोस्ट वाचून रात्रभर चडफडले. स्कोपस या संशोधन-लेखांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतून डिजिटल मानव्यविद्येचे (संगणकाच्या मदतीने भाषा, साहित्य, इतिहास अभ्यासण्याच्या विषयाचे) लेख उतरवले, व्हॉसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये कीवर्डचा नकाशा काढला (एकेक शब्द म्हणजे ठिपका, सोबत येणारे शब्द एका रंगाच्या गोळ्यात) आणि लिहून मोकळे झाले : 'मराठीचा एकही ठिपका नाही. खेड्यातल्या कॉलेजांत या विषयाचं काहीच चालत नाही.' अहो, स्कोपसमध्ये मराठी नियतकालिकं असतात किती? यूजीसी-केअर या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत आपली काही तरी होती, २०२५मध्ये ती यादीच बंद झाली. माझ्या मुली आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर घेतात, गावागावाप्रमाणे एक्सेलमध्ये लावतात. हे तुमच्या कोणत्या रंगाच्या गोळ्यात बसवायचं?

नकाशेवाला: ताई, काम चांगलं आहे. पण ते आहे कुठे? पेनड्राइव्हमधल्या ओव्या कुणाला ऐकता येतात? इटलीतले धर्मगुरू फादर बुसा यांनी १९४९मध्ये आयबीएम या संगणक कंपनीच्या मदतीने थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लेखनाची शब्दसूची हाती घेतली. ती आज इंटरनेटवर कुणालाही उघडता येते, म्हणून त्यांचं नाव निघतं. संशोधनाचा कल मोजायचा तर मोजता येईल असं काहीतरी लागतंच.

वर्धाकाठ: आधी हे सांगा, कीवर्ड किमान किती वेळा आलेला धरला? व्हॉसव्ह्यूअर आपणहून ५ धरतो. 'मराठी' चारच लेखांत असेल तर ती तिथेच गळली. शिवाय एकाने 'मोडी', दुसऱ्याने 'मोडी लिपी', तिसऱ्याने 'मोडी हस्तलिखित' लिहिलं की तिघं तीन दिशांना. समानार्थी शब्द एकत्र करणारी फाइल जोडली होती का?

नकाशेवाला: ५च ठेवले होते. फाइल नव्हती जोडली.

वर्धाकाठ: झालं तर मग. पण ताई, खरं दुखणं वेगळंच आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्र आपल्या रिद्धपुरात लिहिलं, संशोधक वि. भि. कोलत्यांनी १९७८मध्ये संपादून छापून काढलं. आणि आजही गावोगाव लोक पोथ्या दडवून बसलेत. वाळवी खाईल, पण स्कॅन करू देणार नाहीत. मजकूरच नाही तर संगणक वाचणार काय?

पोथीवाले काका: दडवून बसले म्हनता? माह्या बापानं एका सायबाले पोथी देल्ली होती. सकळ लिपीतली, म्हंजे महानुभावायच्या सांकेतिक लिपीतली, रोज पूजा व्हाची तिची. पंधरा दिवसात आनून देतो म्हने. बाप गेला, पोथी नाही आली. आता सांगा, कोनाच्या भरवशावर देऊ?

मोर्शीची मास्तरीण: 'दडवून' हा शब्द मागे घ्या.

वर्धाकाठ: नाही घेत. आमच्या आज्यानेही मोडी दप्तर कुणाला हात लावू दिलं नाही. २०१३च्या पावसात छत गळलं, ट्रंकेत लगदा सापडला. मोडी २०१४मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रमाण अक्षरसंचात, आली, तोवर आमच्याकडे टंकायला एक पान उरलं नव्हतं. चोर न येताही सगळं गेलं. रडलोय मी त्या ट्रंकेपाशी.

पोथीवाले काका: तुमच्या आज्याचं आयकून वाईट वाटलं. पन त्यानं माह्या बापाची पोथी वापस येते काय?

वर्धाकाठ: नाही येत. बरं, 'दडवून' नको. 'जपून' म्हणतो. पण जपणं म्हणजे नुसतं कुलूप नव्हे, एवढं तरी माना.

नकाशेवाला: गाडी पोथीवर गेली, तरी माझं सांगून टाकतो. 'एकही ठिपका नाही' हे वाक्य खोडलं. '५पेक्षा कमी वेळा आलेले शब्द वगळले, मराठी नियतकालिकं तपासलेली नाहीत' असं लिहिलं. खेड्यातल्या कॉलेजांबद्दलचं वाक्यही काढलं, ते मला कळायचं साधनच नव्हतं. ओव्यांबद्दलचं म्हणणं मात्र तेच : बाहेर काढा.

मोर्शीची मास्तरीण: एक्सेल पाठवते. गाव, वय, ओवी दळताना म्हटली की कांडताना, सगळं आहे. बायकांची नावं मिळणार नाहीत, त्यांनी नको म्हटलंय. आवाजाचं त्यांना विचारून सांगते.

पोथीवाले काका: अजून दोन पोथ्या हायेत घरी. फोटो काढाचे असन त या. पन पोथी उंबरठ्याच्या भाईर जानार नाही, अन् फोटोची कॉपी पह्यले मले पाह्यजे.

वर्धाकाठ: रविवारी येतो, काका. स्टँड घेऊन.

पोथीवाले काका: सकाळी या. दुपारून मी कपाशीत राह्यतो.