छातीतलं पाणी, लिम्फोमा आणि सोमवारची केमो: सल्ला हवाय

सांगलीची_भाची
नमस्कार मंडळी. मामांच्या (वय ५४) उजव्या छातीत पाणी झालंय. पहिल्यांदा लिटरभर निघालं. पाण्यातला एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) वाढलेला होता म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. दोन महिने झाले, पाणी पुन्हा पुन्हा भरतंय. आता रिपोर्टवर 'प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमाची शंका' असं आलंय, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर. सीटीत गाठ कुठेच नाही, मग लिम्फोमा कसा? वर एचआयव्ही तपासायला सांगितलंय, त्यावरून मामींनी घर डोक्यावर घेतलंय. डॉक्टर सोमवारी केमो सुरू करू म्हणतात. काय करावं?

सूक्ष्मदर्शी
मी पॅथॉलॉजीत काम करतो, उपचार देत नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

या आजारात गाठ नसणं हीच खूण आहे. पेशी पाण्यातच वाढतात. कधी छातीत, कधी पोटात, कधी हृदयाभोवती. मुळाशी एचएचव्ही-८ हा विषाणू असतो. तो १९९४ साली सापडला आणि पुढच्याच वर्षी या लिम्फोमाशी त्याचा संबंध दिसला. बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित असतात, सगळे नाही. म्हणून ती तपासणी टाळू नका. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, औषधं त्यावर ठरतात.

एडीए लिम्फोमातही वाढतो. आपल्याकडे टीबी इतका की आधी तिकडेच बोट जातं, त्यात डॉक्टरांना फार दोष देता येणार नाही.

आता मुद्द्याचं. रिपोर्टवर एचएचव्ही-८ (लाना असंही लिहितात) आणि सीडी२० हे दोन मार्कर (पेशी ओळखायच्या खुणा) तपासलेत का? नेहमीच्या बी-सेल (बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) लिम्फोमात रिटुक्सिमॅब हे औषध देतात, ते सीडी२० वर काम करतं. या आजारात सीडी२० सहसा नसतोच. 'शंका' या शब्दावर केमो सुरू होऊ नये. लॅबला विचारा, सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी मेणात बसवून केलेला ठोकळा, त्यावर मार्कर तपासता येतात) केलाय की नुसत्या स्लाइड? ब्लॉक नसेल तर पुढच्या वेळी काढलेलं पाणी फेकू देऊ नका.

आजोबांचा_नातू
आमच्या आजोबांना (८१) असंच झालं होतं. एचएचव्ही-८ निगेटिव्ह, सीडी२० पॉझिटिव्ह निघालं. तो वेगळाच प्रकार, म्हाताऱ्या माणसांत दिसणारा, हृदय-लिव्हरच्या दुखण्याने पाणी साठणाऱ्यांत. काहींना फक्त पाणी काढूनही आराम पडतो म्हणे, आमच्यांना थोडी औषधं लागली. ब्लॉक, स्लाइड आणि सीटीची सीडी घेऊन परळला टाटा मेमोरियलला गेलो होतो. मामांना दम लागत असेल तर उगाच प्रवासाला नेऊ नका, आधी कागद घेऊन तुम्हीच जा. टाटाशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सल्ल्याची सेवाही आहे.

रेवती_एआरटी
एचआयव्ही निघालाच तर एआरटी (एचआयव्हीची औषधं) आणि केमो बरोबरीने चालतात. औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात. मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना एआरटीच्या गोळ्यांची नावं दाखवाच. त्यात रिटोनाविर असेल तर व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाचा मज्जातंतूंना त्रास वाढतो. आणि २०१७च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल फोडणंही नाही. संमती मामांची घ्या, मामींची नव्हे.

सांगलीची_भाची
लॅबला फोन केला. नुसत्या स्लाइड आहेत, ब्लॉक नाही. सोमवारी केमोऐवजी पुन्हा पाणी काढून ब्लॉक करायचं डॉक्टरांनी मान्य केलं, चिडले नाहीत. मामांनी एचआयव्हीच्या फॉर्मवर स्वतः सही केली. मामी विचारतायत, शेजारी आले की काय सांगायचं?

रेवती_एआरटी
छातीत पाणी झालंय म्हणा. खोटं थोडंच आहे?