मदत हवी आहे : ग्रामसभेची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीतूनही कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य. नोटीस फलकावर कन्नडमध्ये लागते, वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत नाही. मागे ई-स्वत्तूच्या (गावातल्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीच्या) नमुना ९ आणि ११ या उताऱ्यांसाठी कागद आणायचे होते, कितीतरी जण रिकाम्या हाताने आले. पायपीट करून परत गेले, फार वाईट वाटलं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून बायका बाहेर पडल्या. चॅनेलवर दिसत नाहीत, तेव्हा तेच काढावं म्हणतो, कन्नड-मराठी दोन्हीत. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब तयार आहेत. पण चॅनेलवर लोकांना ग्रुपसारखं मोकळेपणाने उलट विचारता येत नाही, त्याचं काय करता?

निपाणी, चिकोडीकडे कुणी असं चालवलंय का? मराठी मजकूर कोण तपासतं? आणि फेसबुकवर पैसे भरून पोस्ट पुढे न्यायची तर खर्च कशात दाखवायचा?