चिनी लग्नात करवली झालात का कधी? (अनुभव धागा)

ऑफिसातल्या सिंगापुरी मैत्रिणीचं डिसेंबरात लग्न आहे आणि तिने मला 'सिस्टर' व्हायला सांगितलंय. सिस्टर म्हणजे करवली. मी लगेच हो म्हणून बसले. मग व्हॉट्सॅपवर ग्रुप निघाला आणि त्यात पहिलाच प्रश्न आला, तुझं प्राणी-वर्ष कोणतं? माझं घोड्याचं निघालं (१९९०). नवरी उंदराच्या वर्षातली असती तर मी बाद होते. बारा प्राण्यांत सहा वर्षांच्या अंतरावरची जोडी एकमेकींना छेदते म्हणे, आपल्या षडाष्टकाची चुलत बहीणच. नवरी निघाली कुत्र्याच्या वर्षातली, म्हणून वाचले.

पहाटे साडेचारला हजर राहायचंय. पुढे नेमकं काय करायचं असतं? कुणी केलं असेल तर लिहा. कपडे, पैसे, खाणं, फजिती, सगळं चालेल.

कारल्याची काचरी

मी २०१७ मध्ये केलंय, सिंगापुरातल्या तोआ पायोत, एचडीबी म्हणजे सरकारी घरांच्या ब्लॉकच्या बाराव्या मजल्यावर. काम एकच, नवऱ्याला आत येऊ द्यायचं नाही. तिकडे याला गेटक्रॅश म्हणतात. लोखंडी जाळीचं दार बंद, बाहेर कॉरिडॉरमध्ये नवरदेव आणि त्याचे 'ब्रदर्स', आत आम्ही सहाजणी. आधी त्यांना सुआन-थ्यान-खू-ला खायला घालायचं. आंबट, गोड, कडू, तिखट. संसारात चारही चवी येणार, तर आधीच चाखून घ्या. मग दंडबैठका, गाणं, नवरीविषयीचे प्रश्न. आमचा नवरदेव पहिल्या भेटीची तारीख चुकला आणि त्याची शिक्षा बिचाऱ्या ब्रदर्सनी भोगली.

त्यानंतर खरा खेळ, अंगपाओचा, म्हणजे पैशांच्या लाल पाकिटाचा. आम्ही मागितले ९९९ डॉलर. नऊ आणि 'दीर्घकाळ' यांचा उच्चार चिनीत एकच. जाळीतून आलं ८८ चं पाकीट. आता आठ हाही शुभच, त्याला नाही कसं म्हणणार? (चार मात्र कुठेही येता कामा नये, त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाला फार जवळचा.) बाकीच्या मुली विरघळायला लागल्या तेव्हा मी पुढे झाले. आमच्याकडे कानपिळीला माझ्या भावाने अंगठी बोटात पडेपर्यंत जिजाजींचा कान सोडला नव्हता. त्या घराण्याची लाज राखून २८८ पर्यंत आणलं. तेवढ्यात शेजारच्या आजी गरजल्या की मुहूर्त टळतोय. दार उघडलं.

पण तुला सांगते, जपायचं असतं ते चहाच्या वेळी. नवरा-नवरी गुडघे टेकून थोरामोठ्यांना चहा देतात, त्यात सुकी लाल चिनी बोरं आणि लोंगान (लिचीसारखं फळ) असतात. ट्रे तुझ्या हातात. चहा घेणारे पाकिटं नाहीतर दागिने देतात, ते सांभाळायचं कामही तुझं. क्रम चुकवू नकोस! आंटी-अंकलवर तिथे भागत नाही. बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, मामा वेगळा, प्रत्येकाला स्वतंत्र शब्द. आपल्याला हे चटकन पटतं, फक्त कोण कोण ते ओळखता येत नाही. मी धाकट्या काकांपुढे ट्रे आधी नेला. थोरल्या काकांनी चहा घेतला, पण गार करून.

आळसोबा

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? हाँगकाँगला मी नवऱ्याकडून होतो. करवलीला तिथे 'जी-मुय' म्हणतात. नवऱ्याच्या दोस्तांना कँटनीजमध्ये काय म्हणतात? 'हिंग-ताय'. दिवसभर मी हिंगताई होतो. घरी हे सांगितल्यापासून बायको दुसऱ्या नावाने हाकच मारत नाही.

तिथे भाड्याने एक अनुभवी बाई आणतात, दाय-खाम-चे. प्रत्येक गोष्टीला ती यमक जुळवून शुभ बोलते. दार उघडलं, बोलली. चहा ओतला, बोलली. उखाण्यांचा न थांबणारा नळ. नवरी घराबाहेर पडली की डोक्यावर लाल छत्री धरतात आणि वर तांदूळ उधळतात. माझ्या कॉलरमध्ये बरेच गेले, अक्षता समजून सोडून दिले.

केळफूल

माझं तेव्हा लग्न झालेलं, त्यामुळे मी करवली होऊ शकले नाही, अविवाहितच लागते म्हणाले. मलेशियात इपोहला. पण आदल्या रात्री केस विंचरायचा विधी असतो, त्याला मला बसू दिलं. विंचरणारी बाई नशीबवान हवी. म्हणजे नवरा हयात, मुलंबाळं असलेली. ऐकल्या ऐकल्या माझ्या तोंडून 'सवाष्ण' निघालं. प्रत्येक फणीबरोबर एक ओळ म्हणतात, पहिली असते 'शेवटापर्यंत' अशा अर्थाची.

मैत्रिणीचे वडील आधीच गेलेले. आई दाराशी उभी, मावशी विंचरत होती. शेवटची फणी मैत्रिणीने मावशीच्या हातातून घेतली आणि मागे न बघता आईच्या दिशेने धरली. खोलीत कुणी काही बोललं नाही. आईने विंचरलं. ओळ म्हणताना तिचा आवाज फुटला, तर मावशीने पुरी केली.

पाऊसवेडी

चीनमध्ये शीआनला वैद्यकीय शिकत असताना, मला चिनी शिकवणाऱ्या मुलीच्या लग्नात. आपण नवऱ्याचे बूट पळवतो, ते नवरीचे लपवतात! नवऱ्याने शोधून तिच्या पायात घातल्याशिवाय ती पाय खाली टेकत नाही. मी एक बूट भाताच्या कुकरात ठेवला. आजींना याची कल्पना नव्हती. त्या बूट हातात घेऊन थेट नवऱ्यासमोर आल्या, 'हा कुणाचा?'

पलंगावर बसताना जपून. लाल बोरं, शेंगदाणे, लोंगान, कमळबिया पसरलेल्या असतात. चिनीत ही नावं ओळीने घेतली की 'लवकर गुणी मूल होवो' असा श्लेष होतो.

एक गंभीर. चीनच्या मुख्य भूमीवर काही ठिकाणी करवल्यांची चेष्टा हाताबाहेर जाते. २०१६ मध्ये बालीत एका नटाच्या लग्नात अभिनेत्री ल्यू यान करवली होती, तिला पाण्यात फेकायला पुरुषमंडळी सरसावली होती. दुसरी करवली, विनोदी अभिनेत्री जिया लिंग, मध्ये पडली म्हणून ती वाचली. मी नवरीला आधीच स्पष्ट विचारलं होतं, माझ्या वाट्याला काय काय येणार? तिने तिच्या भावाला दिवसभर आमच्यामागे उभं केलं. सिंगापुरात एवढी भीती नसावी, पण विचारायला लाजू नकोस.

हुरडा

शाकाहारी असशील तर आधी सांग. मला भाजलेल्या डुकरासमोर बसवून खोट्या बदकाची थाळी दिली होती. छान होती. पेले उंचावून 'याऽऽऽम सेंग' (चीअर्ससारखं) ओरडताना मात्र श्वास पुरला नाही, फार लांबवतात.

धागाकर्ती

काल पार पडलं! सगळ्यांचे आभार. फिकट गुलाबी कपडे, काळं-पांढरं काही नाही. चार चवींचं खातं मी मागून घेतलं होतं: कोकमाचं आगळ, गूळ, कारल्याचा रस आणि आईने पाठवलेला ठेचा. नवरोबा चिली पडीवर (तिकडची बारीक जहाल मिरची) वाढलेला. ठेचा बोटाने चाटून म्हणतो, 'दिस वन गॉट सम मोर?' आगळाने मात्र त्याचे दोन ब्रदर्स जिन्यात जाऊन बसले. पाकिटात १८८ मिळाले. ठेच्याची बाटली नवऱ्याने मागून घेतलीय, आईला परत द्यायला हवी.