त्र्यंबकजवळच्या वरकस जमिनीतली घाणेरी काढून दुधाच्या शेळ्या: सुरुवात कुठून करू?

वरकस३०
नमस्कार. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल रस्त्याला 30 गुंठे वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची उताराची जमीन आहे. निम्म्याहून जास्त घाणेरीने भरलीय, बांधाला ऐन आणि दोन मोह आहेत. घरच्या दुधासाठी संगमनेरी 8 शेळ्या आणि एक बोकड ठेवायचा आहे. घाणेरी पेटवून देऊ का? की शेळ्याच खाऊन साफ करतील? पावसाळ्यात गोठा कोरडा कसा ठेवायचा तेही सांगा.

कुदळ-फावडं
शेळ्या अजिबात सोडू नका भाऊ. घाणेरीच्या पाल्यात यकृत बिघडवणारं विष असतं. शेळीला कावीळ होते, बद्धकोष्ठ होतं, उन्हात गेली की कान-नाकाची कातडी भाजल्यासारखी सोलते. वाळलेला पालाही तितकाच वाईट. चुकून खाल्लाच तर जनावर आधी सावलीत बांधा आणि लगेच डॉक्टरला बोलवा. पोटात राहिलेला पाला नंतरही विष सोडत राहतो, म्हणून थांबून बघू नका.

पेटवल्याने वरचं जळतं, बुंधा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात दुप्पट फुटवा येतो. वरून छाटली तरी तेच. बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करून बघा: खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे गाठीसारखा जाड भाग दिसेल. फुटवे तिथूनच निघतात. त्याच्या खाली, जमिनीत 3 ते 5 सेंटीमीटरवर, कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे ठेवून वाळू द्यायचं. फळं धरण्याआधी काढा, कारण पिकलेलं फळ पक्षी नेतात आणि बी सगळीकडे पडतं. पुढची दोन वर्षं पावसाळ्यात फेरी मारून रोपं ओलीतच उपटा. उतारावर जेसीबी नको, माती वाहून जाईल.

ऐन आणि मोह राहू द्या. दोन्ही अनुसूचित झाडं आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

माच-गोठा
संगमनेरी ही कमी पावसाच्या पट्ट्यातली जात. त्र्यंबकच्या पावसात तिला जमिनीवर ठेवलं तर खुरं सडतात आणि जंत होतात. म्हणून माच, म्हणजे फळ्यांचं मचाण करा, जमिनीपासून 3 ते 4 फूट उंच. फळ्यांमधली फट पाऊण इंच. त्याहून मोठी केली तर पाय अडकून मोडतो, कमी केली तर लेंड्या खाली पडत नाहीत. करडांच्या कप्प्यात फट अर्धा इंच. मोठ्या शेळीला 10 चौरस फूट धरा, म्हणजे करडांसकट 10 × 16 फूट पुरेल. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, ती बाजू कुडाने बंद आणि छप्पर 3 फूट बाहेर. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग) लस पावसाळ्याआधी, मे महिन्यातच द्या. पीपीआरचीही (शेळ्यांचा प्लेग) राहू देऊ नका.

जंतांसाठी खालची पापणी उलटून बघायची सवय लावा. आतून लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी किंवा पांढरट दिसली तर औषध लगेच. आणि शेळ्या जूनमध्ये आणू नका, पाऊस संपल्यावर आणा.

सड-कास
दुधाचा हिशेब आधी करा. संगमनेरी दिवसाला अर्धा ते एक लिटर देते, त्यातलं करडांचंही. 8 एकदम व्याल्या तर चार-पाच महिने दूध, मग भाकड. गाभणकाळ 150 दिवसांचा, म्हणून चार-चारच्या दोन तुकड्या करून वेगळ्या महिन्यांत फळवा, म्हणजे बोकड दाखवा. करडाला जन्मल्यावर तासाभरात चीक (व्याल्यावरचं पहिलं दूध) मिळालाच पाहिजे. धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा, आणि सडाचं तोंड मिटेपर्यंत शेळीला बसू देऊ नका. पुढे खुराक टाकला की ती उभी राहते. बोकड दूर बांधा, त्याचा वास दुधाला लागतो. दूध उकळूनच प्या.

वरकस३०
मोकळ्या झालेल्या जागेत काय लावू?

कुदळ-फावडं
शेवरी, हादगा, सुबाभूळ आणि मधल्या पट्ट्यात दशरथ घास. रिकामी ठेवली तर घाणेरीच परत येईल. सुबाभळीचं बी कडक गरम पाण्यात 3-4 मिनिटं, मग रात्रभर साध्या पाण्यात. तसंच पेरलं तर फार थोडं उगवतं. पहिलं वर्ष शेळ्या आत नको, चारा कापून, टांगून घाला. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त झाली की केस गळायला लागतात.