जुन्या लंडन पोर्टरची चव घरी कशी आणायची? (स्टाउट, माइल्डबद्दलही विचारायचंय)

काळीबाटली:
मंडळी, इंग्लंडात राहायला आल्यापासून इथल्या काळ्या बिअरच्या प्रेमात पडलोय. पबमध्ये पोर्टर घेतो, स्टाउट घेतो, कधी नशिबाने माइल्ड मिळते, आणि दर वेळी डोक्यात तोच प्रश्न की यांच्यात नेमका फरक काय, कारण एका ब्रूअरीची पोर्टर दुसरीच्या स्टाउटपेक्षा काळी आणि कडक निघते. वाचायला गेलं की सगळीकडे तीच गोष्ट, १७२२ साली शोरडिचच्या राल्फ हारवूडने पोर्टर शोधून काढली आणि ती हमालांना आवडली. हे कितपत खरंय?

घरी ऑल-ग्रेनचा (म्हणजे तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून बिअर करायचा) सेटअप आहे, २० लिटरची बॅच आरामात होते, पेल एलवर हात बसलाय. आता जुन्या लंडनच्या जवळ जाईल अशी पोर्टर करायचीय, पण बहुतेक रेसिपींमध्ये रोस्टेड बार्ली (भाजलेलं जव) आणि चॉकलेट मॉल्ट (मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, हा गडद भाजलेला) दिसतो. तेव्हा खरंच हेच टाकायचे का? जाणकारांनी सविस्तर लिहा, लांबलचक उत्तर चालेल.

थेम्सकाठ:
छान धागा काढलात. हारवूडची गोष्ट सोडून द्या. पोर्टर प्यायल्याचा छापील उल्लेख १७२१ चाच सापडतो, म्हणजे "शोध लागायच्या" आधीचा. १७६० मध्ये एका जुन्या ब्रूअरी कामगाराने ऑबाडाया पाउंडेज या टोपणनावाने लंडनच्या पेपरात पोर्टर कशी घडत गेली ते लिहिलं, त्यात हारवूडचं नावसुद्धा नाही. ही गोष्ट रुळली ती १८०२ मध्ये छापून आल्यावर, म्हणजे ऐंशी वर्षांनी. कुणा एकाने एका दिवसात केलेली ही बिअर नाहीच. लंडनच्या ब्रूअर लोकांनी आपली नेहमीची ब्राउन बिअर जास्त हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) घालून, जास्त दिवस मुरवून सुधारत नेली, आणि रस्त्यावर नि थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या पोर्टर लोकांनी ती उचलून धरली. स्टाउट म्हणजे त्याच पोर्टरची जास्त स्ट्राँग बॅच, तेव्हा तिला स्टाउट पोर्टरच म्हणत. आजचा फरक ज्याच्या त्याच्या लेबलवर अवलंबून आहे, त्यात फार डोकं घालू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ब्राउन मॉल्टमध्ये आहे, रोस्टेड बार्लीत नाही. सुरुवातीची पोर्टर नुसत्या ब्राउन मॉल्टची असायची. तो हर्टफर्डशरमधल्या वेअर गावाकडून ली नदीतून बोटींनी लंडनला यायचा. धान्याचा पातळ थर पसरून खाली लाकडाचा जाळ असा पेटवायचे की दाणे फुगून यायचे, त्यामुळे धुराचा वास लागायचा, तो महिनोन्महिने पिंपात मुरवल्यावर कमी व्हायचा. मग १७८० च्या दशकात ब्रूअरीत हायड्रोमीटर (द्रवातली साखर मोजायचं उपकरण) आला आणि सगळं गणितच फिरलं. मोजल्यावर कळलं की ब्राउन मॉल्ट दिसायला स्वस्त असला तरी त्यातून साखर पेल मॉल्टपेक्षा बरीच कमी निघते. त्यात फ्रान्सशी युद्धं चालू, मॉल्टवरचा कर वाढत चाललेला. सगळे पेल मॉल्टकडे वळले, पण मग बिअरचा रंग उडाला. रंग आणायला जळकी साखर नि काय काय टाकायला लागले, शेवटी १८१६ मध्ये कायद्याने मॉल्ट आणि हॉप्सशिवाय दुसरं काही रंगासाठी टाकायला बंदी आली. लगेच १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफी भाजायच्या यंत्रासारख्या फिरत्या लोखंडी ड्रममध्ये मॉल्ट काळा होईपर्यंत भाजायचं पेटंट घेतलं. तोच ब्लॅक पेटंट मॉल्ट. मूठभर टाकला तरी सगळी बॅच काळी. डब्लिनवाल्यांनी ब्राउन मॉल्ट सोडून पेल आणि ब्लॅकवर काम भागवलं, लंडनने मात्र ब्राउन सोडला नाही, आणि माझ्या मते लंडनच्या पोर्टरचा जीव त्यातच आहे.

रोस्टेड बार्ली म्हणजे मॉल्ट न केलेलं धान्य. कर मॉल्टवर होता, त्यामुळे १८८० पर्यंत ते ब्रूअरीत वापरणं बेकायदाच होतं. पंतप्रधान ग्लॅडस्टनने त्या वर्षी कर मॉल्टवरून काढून वॉर्टच्या (आंबवायच्या आधीच्या गोड रसाच्या) ग्रॅव्हिटीवर, म्हणजे त्यातल्या साखरेच्या प्रमाणावर नेला आणि मग ब्रूअरना मका, मॉल्ट न केलेलं धान्य, काहीही वापरायची मुभा मिळाली. म्हणजे १८२० ते १८८० मधली लंडन पोर्टर हवी असेल तर रोस्टेड बार्लीला हात लावायचा नाही!

मॅशटन:
+१, वरचं उत्तर वाचनखूण म्हणून साठवलंय. मी फक्त रेसिपी देतो. २० लिटरला मॅरिस ऑटर (या जातीच्या जवाचा पेल मॉल्ट) ३.७ किलो, ब्राउन मॉल्ट ७०० ग्रॅम, क्रिस्टल मॉल्ट २५० ग्रॅम, ब्लॅक मॉल्ट १२० ग्रॅम. क्रिस्टल त्या काळातला नाही, अगदी कट्टर व्हायचं असेल तर तो वगळून तेवढाच मॅरिस ऑटर वाढवा, पण बिअर जरा कोरडी होईल. ७२ टक्के एफिशियन्सी (धान्यातली किती साखर निघते ते) धरली तर ओजी (आंबवण्याआधीची ग्रॅव्हिटी) १.०५० येते. १०० टक्के ब्राउन मॉल्टची १७५० ची पोर्टर करायच्या नादाला लागू नका, हल्लीचा ब्राउन मॉल्ट एवढा भाजलेला असतो की त्यात एन्झाइमच उरत नाहीत, स्टार्चची साखरच होणार नाही.

६६-६७ डिग्रीला एक तास मॅश (गरम पाण्यात धान्य भिजत ठेवणं). फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ५५ ग्रॅम एक तास उकळायचे, शेवटी वासासाठी काही टाकायची गरज नाही. साधं इंग्लिश एल यीस्ट, १८ ते २० डिग्री. लंडनकडचं पाणी हार्ड आणि अल्कलाइन आहे आणि ते इथे फायद्याचंच ठरतं, कारण काळे मॉल्ट आम्लधर्मी असतात आणि दोघं मिळून मॅशचा पीएच ५.३-५.५ च्या आसपास येतो. तुमच्याकडे सॉफ्ट पाणी असेल तर ब्लॅक मॉल्ट मॅशच्या शेवटच्या १५ मिनिटांत टाका, नाहीतर चव आंबट-तुरट लागते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला ३० लिटरला अर्धी कॅम्पडन (सल्फाइटची) गोळी पुरते, ती विसरू नका.

बाटल्या भरताना साखर ८० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. ही बिअर फसफसणारी नको, ग्लासात शांत बसली पाहिजे म्हणजे ब्राउन मॉल्टची ती भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव जिभेवर येते. पहिल्या दोन आठवड्यांत तीच चव जरा खरखरीत लागेल, सव्वा-दीड महिन्याने बाटली उघडा.

जुनापब:
पोर्टर करा हो, पण माइल्ड करायची राहू देऊ नका, तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. व्हिक्टोरियन काळातली माइल्ड म्हणजे न मुरवलेली, ताजी बिअर, आणि ती चांगली स्ट्राँग असायची, बऱ्याचदा फिकटसुद्धा. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई, सरकारी मर्यादा, कर, या सगळ्यात ग्रॅव्हिटी जी खाली आली ती पुन्हा वर गेलीच नाही, आणि आज ३-साडेतीन टक्क्यांची काळी बिअर म्हणजे माइल्ड असं होऊन बसलं. १९६० पर्यंत पबमध्ये तिचीच चलती होती, मग बिटर आणि लागरने तिला मागे टाकलं. कधी वेस्ट मिडलंड्समध्ये सेज्लीला गेलात तर बीकन हॉटेलात सारा ह्यूज डार्क रूबी माइल्ड मागा, ६ टक्क्यांची आहे, जुनी माइल्ड काय ताकदीची असेल याचा अंदाज येतो.

घरी करायला सोपी आहे, ओजी १.०३६, मॅश जरा गरम ६८-६९ ला म्हणजे अंग राहतं, थोडा क्रिस्टल, थोडा चॉकलेट मॉल्ट, आणि मिळाली तर नंबर तीनची इन्व्हर्ट साखर (ब्रूइंगची गडद साखर), तिच्यामुळे मनुका-काकवीसारखा वास येतो. तीन आठवड्यांत प्यायला तयार. ताजी असतानाच संपवायची, ही ठेवून सुधारत नाही.

काळीबाटली:
वा, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. १८२० नंतरचीच पोर्टर करतो, क्रिस्टल वगळूनच. एक शंका, मुरवलेल्या पोर्टरची चव घरी आणता येईल का? लाकडी पिंप ठेवायला जागा नाही.

थेम्सकाठ:
येईल, पिंपाची गरज नाही. त्या चवीचं कारण लाकडापेक्षा त्यात राहणारं जंगली यीस्ट. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लाउसेनने इंग्लिश मुरवलेल्या बिअरमधूनच ते वेगळं काढलं आणि ब्रेटानोमायसिस नाव दिलं. त्या काळी पिंपं केवढी व्हायची त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, १७ ऑक्टोबर १८१४ ला टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यूच्या ब्रूअरीत २२ फूट उंचीचं पोर्टरचं पिंप फुटलं आणि मागच्या गरीब वस्तीत लोंढा घुसून आठ जीव गेले, त्यातले काही तर तळघरात एका लहान मुलाच्या मृत्यूनंतर जमलेले लोक होते.

तुम्ही असं करा, मुख्य फर्मेंटेशन संपलं की साडेचार लिटरच्या काचेच्या डेमीजॉनमध्ये (अरुंद गळ्याच्या बरणीत) गळ्यापर्यंत पोर्टर भरा, क्लाउसेनी जातीचं ब्रेट (तेच ब्रेटानोमायसिस) टाका, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) लावून अंधारात किमान सहा महिने ठेवा. हवा जितकी कमी तितकं चांगलं, नाहीतर व्हिनेगर होतं. नळ्या, सायफन वगैरे प्लास्टिकचं सामान यासाठी वेगळंच ठेवा. पबमध्ये तेव्हा मुरवलेली आणि ताजी मिसळून द्यायचे, तुम्हीही तसंच प्या, एक भाग जुनी, तीन भाग नवी, पण मिसळायची ती ग्लासात. मिसळून बाटलीत भरलीत तर ताज्या बिअरमधली उरलेली साखर ब्रेट हळूहळू खात राहतं आणि बाटल्या फुटतात. नुसती मुरवलेलीसुद्धा ग्रॅव्हिटी महिनाभर जागची हलली नाही तरच भरा, आणि जाड काचेच्या बाटल्या घ्या.

मॅशटन:
आणि बॅच विकायची नाही बरं, ओळखीतल्या लोकांनाही नाही. १९६३ पासून इथे घरी करायला लायसन लागत नाही, पण ते स्वतःपुरतं. क्रिस्टल वगळताय तर मॅश ६७ च्या खाली जाऊ देऊ नका.